आत्या तिकीट काढून आत गेली

आत्या तिकीट काढून आत गेली आणि बाहेर आलीच नाही, हे घरच्यांपैकी सगळ्यात आधी कळलं ते छकुलीला. आणि तेही घरची म्हणून नव्हे, अधिकारी म्हणून. मुख्य कार्यालयातल्या बैठका उरकून ती सकाळी गाडीतून उतरली, तर फाटकावरचा पहारेकरी टोपी हातात धरून उभा. एरवी तो टोपी फक्त मोठे साहेब आले की घालायचा आणि ते गेले की काढायचा. हातात धरलेली टोपी म्हणजे काहीतरी बिनसलं होतं.

"मॅडम, एक पर्यटक आत राहिल्यात," तो म्हणाला. "परवापासून."

"राहिल्यात म्हणजे?"

"राहतायत. सात नंबरच्या घरात. तुमची आत्या आहे म्हणाल्या, मग मी काय करणार? पांघरूण नेऊन दिलं."

छकुलीनं पर्स खाली ठेवली. पन्नाशीला टेकलेल्या, तीन समित्यांवर असलेल्या, जिच्या सहीशिवाय या टेकडीवरचा दगड इकडचा तिकडे होत नसे अशा बाईला घरात अजून छकुली म्हणत, आणि ते एव्हाना पहारेकऱ्यापर्यंत पोचलेलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

टेकडीवरचं हे गाव तिचंच. ती सहा वर्षांची असताना झरा आटला आणि माणसं एकेक करून उठून खालच्या शहरात गेली. घरं तशीच राहिली. पुढं ती शिकली, जुन्या वस्त्या खणण्याचं शास्त्र शिकली, आणि आपल्याच गावात उकरायला आली. घरांच्या जमिनींखाली आणखी घरं सापडली, त्यांच्याखाली आणखी. शेकडो वर्षं माणूस इथं सलग राहत आला होता, असं तिनं सिद्ध केलं, आणि म्हणून यापुढं इथं कुणीही राहू नये असा कायदा करून घेतला. त्या मसुद्यातलं 'सूर्यास्तानंतर आवारात कोणीही थांबणार नाही' हे वाक्य तिचं स्वतःचं होतं. त्यातल्या 'कोणीही'वर तिनं फार विचार केला होता.

आत जाण्याआधी तिनं वडिलांना फोन लावला. नाना निवृत्त झाल्यापासून पहिल्या घंटेलाच फोन उचलत.

"आत्या कुठाय, नाना?"

"कुठं म्हणजे? धाकट्याकडे. त्याची पाळी आहे."

मग तिनं धाकट्या काकांना लावला. ते म्हणाले, दादाकडे, तुझ्या नानांकडे असणार, आमच्याकडची पाळी तर संपली; का गं, काही झालं का?

छकुलीनं त्यांना, आणि पुन्हा फोन लावून नानांनाही, सांगितलं, काही नाही, दुपारी टेकडीवर या. काकूंना आणि आईलाही आणा. आत्या इथं आहे.

दोन्हीकडून सारखाच प्रश्न आला: तिथं कशाला गेली?

पाळीचा हिशेब तसा अवघड नव्हता. आत्याचं लग्न वर्षभरही टिकलं नव्हतं. माहेरी परतली ती भावांकडेच राहिली. शहरातल्या कपड्यांच्या कारखान्यात काजं करण्यात तिचे डोळे गेले, आणि उरलेल्या वेळात भावांची पोरं वाढवण्यात वय. छकुलीच्या वेण्या शाळा संपेपर्यंत तिनंच घातल्या. कारखाना बंद पडल्यावर भावांनी ठरवलं, सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. पाळी बदलायची ती दोन्ही घरांच्या मध्ये, मोठ्या बसस्थानकावर. एक भाऊ आणून सोडी, दुसरा घेऊन जाई. कुणालाच दुसऱ्याच्या घरी जावं लागत नसे. छकुलीच्या धाकट्या भावाच्या लग्नात मानपानावरून आई आणि काकूंचं जे बिनसलं, त्यानंतर ही सोय सगळ्यांना फारच मानवली होती.

यंदा एकानं सोडलं आणि दुसरा आलाच नाही. तरी दोन्ही घरांत सगळं सुरळीत चाललं होतं. प्रत्येकाला वाटत होतं, ती तिकडे आहे.

आत्या सात नंबरच्या, म्हणजे त्यांच्याच जुन्या घराच्या, ओट्यावर बसली होती. शेजारी तिची पिशवी, पुढं दोरी, आणि दोरीवर 'कृपया ओट्यावर बसू नये' अशी पाटी. ती एका सहलीच्या बायकांना घरातलं पेव दाखवत होती. पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार, बाटलीसारखं, तोंडाशी अरुंद आणि आत ऐसपैस. छकुलीनं त्या एका पेवावर पंचवीस पानांचा निबंध लिहिला होता.

"ह्यात रुसलेल्या जावयाला उतरवायचे," आत्या सांगत होती. "वरून झाकण. रुसवा निघाला, की तो आतून टकटक करायचा. मग वर घ्यायचे."

बायका हसून लोटपोट झाल्या. एकीनं विचारलं, खरंच का? आत्या म्हणाली, माझ्या डोळ्यांदेखत दोघं उतरवले, एक फारच मानी होता, त्याला नऊ दिवस लागले.

आत्या आत राहिली यापेक्षा ती जे सांगत होती त्याचाच छकुलीला राग आला, आणि आपल्याला राग कशाचा येतोय हे लक्षात आल्यावर थोडी लाजही वाटली. बायका पुढं गेल्यावर ती म्हणाली, "आत्या, त्यात धान्य असायचं. तू स्वतः उतरून काढायचीस."

"ठाऊक आहे की. पण धान्य म्हटलं की त्या पुढं जातात. तुझ्या पाटीवर धान्यच आहे. कोण थांबतं?"

मग तिनं छकुलीला नीट पाहिलं आणि वाळलीस म्हणाली. रात्री थंडी वाजते, पण पहारेकरी माणूस चांगला आहे, एवढं सांगून ती पिशवीतून बिस्किटं काढू लागली. ती आलीच का, हे छकुलीनं विचारलं नाही. आपल्याला ते ठाऊकच आहे असं तिला वाटत होतं.

दुपारी सगळे आले. काकांच्या गाडीतून चौघं एकत्र आले याचंच छकुलीला नवल वाटलं, पण आई पुढं आणि काकू मागं अशा बसल्या होत्या, आणि उतरल्यावरही त्यांच्यामध्ये माणूसभर अंतर होतं. नाना फाटकाशी थबकले. त्यांनी पहारेकऱ्याला सांगितलं, की आम्ही इथलेच, आम्हाला तिकीट लागू नये. पहारेकऱ्यानं छकुलीकडे पाहिलं. छकुलीनं स्वतःच्या खिशातून सगळ्यांची तिकिटं काढली, म्हणजे वाद राहिला नाही, फक्त नानांचा चेहरा राहिला.

घरापुढच्या पाटीशी नाना पुन्हा थबकले. त्यांनी ती मोठ्यानं वाचली. "घर क्रमांक सात. दोन खोल्या, चूल, धान्याचे पेव. रहिवासी शेतकरी कुटुंब, बहुधा मध्यम स्थितीतील." वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला. बहुधा कशाला, ते म्हणाले, मी जिवंत आहे, मला विचारायचं. आणि मध्यम कुणाला म्हणतेस? आपल्या दारात दोन गाड्या उभ्या असायच्या. काका म्हणाले, बैलगाड्या, आणि त्यातली एक शेजाऱ्याची. नानांनी ऐकलं नाही.

घरात बसायला बंदी, भिंतीला टेकायला बंदी. सगळे उभ्यानंच वर्तुळ करून राहिले आणि मध्ये ओट्यावर आत्या. तिनं सगळ्यांना बिस्किटं दिली. पाहुणे आल्यावर द्यावीत तशी.

सुरुवातीला दोन्ही भाऊ एकमुखी होते. असं करतात का, लोक काय म्हणतील, साप-किरडू असतं, आणि आता तर छकुलीच्या नोकरीचा प्रश्न आहे. नाना तर म्हणाले, कायदा म्हणजे कायदा, मी आयुष्यभर नियमानं वागलो. काकांनी मान डोलावली. भावाभावांत एवढं मतैक्य वाटणीनंतर प्रथमच झालं असावं. मग पुढचा प्रश्न अगदी साधा होता, आणि तो आईनं विचारला.

"मग आज घेऊन कोण जाणार?"

काका म्हणाले, दादा, पाळी तुझी. नाना म्हणाले, माझी कशी, तू परवा सोडलीस म्हणजे तुझी सुरू असतानाच सोडलीस. काकांचं म्हणणं, मागल्या खेपेला तुम्ही परगावी गेलात तेव्हा आम्ही जास्तीचं ठेवून घेतलं, ते धरायचं नाही का? नानांचं म्हणणं, त्याच्या मागल्या खेपेला डोळ्याचं ऑपरेशन आमच्याकडे झालं, ते कुठं धरलंस? दोघांचेही आवाज चढले. आत्या या बाजूकडून त्या बाजूकडे मान वळवून ऐकत होती, दुसऱ्याच कुणाचं चाललंय तसं.

तेवढ्यात नवल झालं. काकू आईकडे वळून बोलल्या. चार वर्षांत पहिल्यांदा.

"ह्यांची बहीण, आणि तब्येत सांभाळायची आपण."

"तर काय," आई म्हणाली. "माझ्याकडे आल्या, की हे लगेच मित्राकडे जाऊन बसतात."

"आमचे गच्चीत."

दोघी सरकून शेजारी उभ्या राहिल्या. नानांनी आणि काकांनी ते पाहिलं आणि दोघंही एकदम गप्प झाले. आपल्या भांडणापेक्षा ही मैत्री महागात पडेल, हे त्यांना बायकांच्या आधी कळलं.

त्यातून वाट काढली ती काकांनी. त्यांचा बांधकामाचा धंदा, अडलेल्या कामाला कुठून तरी वाट काढायची सवय. ते चुलीकडे पाहत म्हणाले, की मला वाटतं आपण उलटं बघतोय. ती आली ते बरोबरच आहे. घर तिचं, तिचा जीव ओढला. आणि नुसते दगड जपून काय करायचं, माणसंही जपायला हवीत ना? इथं एक जिवंत माणूस राहिलं तर लोक लांबून येतील.

नानांचा चेहरा उजळला. ते सांगू लागले, माणसाला अखेरीस आपली मातीच बोलावते, दुसरीकडे कुठंही मन रमत नाही. ताईला इथं राहू देणं हेच खरं जतन. थोडी डागडुजी, एक पत्रा, दिवा. त्यांच्या आवाजात कंप आला होता, आणि तो खरा होता. नाना जे बोलत त्यावर त्यांचा त्या वेळेपुरता पूर्ण विश्वास बसे.

"नाना, कायदा," छकुली म्हणाली.

"कायदा काय घरच्यांसाठी असतो?"

"मगाशी तुम्हीच म्हणालात."

"मगाशी मला पूर्ण कल्पना नव्हती."

आता चौघं एका बाजूला आणि छकुली एका बाजूला. काकू म्हणाल्या, एवढी मोठी अधिकारी, सख्ख्या आत्यासाठी एवढं करता येत नाही? आई म्हणाली, तुला हिनंच वाढवलंय, विसरू नकोस. काका म्हणाले, पत्र्याचं मी बघतो. छकुली सांगत राहिली, की इथं पाणी नाही, पाणी नाही म्हणून तर आपण गेलो; वीज नाही; पावसात ही भिंत धरेल का याची मलाच खात्री नाही; आणि एकाला परवानगी दिली, की उद्या चाळीस घरांचे वारस पत्रे घेऊन येतील. ती बोलत होती ते सगळं खरं होतं, आणि ऐकताना तिला स्वतःलाच ते पाटीवरच्या मजकुरासारखं वाटत होतं.

"मग तूच का नाही नेत?" काकू म्हणाल्या.

त्याच वेळी टाळी वाजली.

दोरीपलीकडे बरीच माणसं जमली होती. सहलीची दुसरी बस आली होती. पुढच्या रांगेतल्यांनी मोबाइल वर धरले होते. टाळी वाजवणारा माणूस जरा ओशाळून थांबला, तर मागून दोघातिघांनी वाजवली. एक तरुण मुलगी पहारेकऱ्याला विचारत होती, हे रोज कितीला असतं? कपडे तेवढे जुन्या काळचे हवे होते, बाकी फारच खरं वाटतं. दुसऱ्या एकानं काकूंना जरा उजेडाकडे वळायला सांगितलं, आणि काकू वळल्यासुद्धा.

"हे आजच आहे," पहारेकरी म्हणाला. "रोज नसतं."

छकुलीनं सगळ्यांना पुढच्या गल्लीत पाठवलं. माणसं गेली. जाताना एक म्हातारा गृहस्थ थांबले आणि नानांना म्हणाले, की तुम्ही मातीचं बोललात ते मनाला भिडलं. नानांनी नमस्कार केला. मग हात खाली घेताना त्यांना काय झालं कुणास ठाऊक, ते बंदी असलेल्या भिंतीला टेकले. छकुलीनं दुसरीकडे पाहिलं.

तेव्हा आत्याच बोलली.

"मला कुठल्या मातीनं बोलावलं नाही," ती म्हणाली. आवाज साधा, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसा. "मला हे गाव कधीच आवडलं नाही. झऱ्यावरून घागरी आणून माझी कंबर गेली. गाव उठलं तेव्हा सगळे रडत होते, मी नाही रडले. विचार नानाला."

नानांनी मान हलवली. त्यांना आठवत होतं.

"मग इथं का आलीस?" छकुलीनं विचारलं. सकाळपासून तिनं जे विचारलं नव्हतं ते.

"धाकट्यानं स्थानकावर सोडलं. दहा मिनिटांत दादा येईल म्हणाला. मी बसले. दुपार झाली. नाना येईना. फोन करावा तर कुणाला? एकाला केला तर तो म्हणणार, पाळी त्याची. दुसऱ्याला केला तरी तेच. दुपार टळल्यावर सफाईवाली म्हणाली, मावशी, कुठं जायचंय? समोर एक बस लागली होती, तिच्यावर गावाचं नाव होतं. मी म्हटलं, ह्या गावाला. काहीतरी म्हणायला पाहिजे होतं ना."

ती थांबली. पिशवीची दोरी तिनं बोटाला गुंडाळली आणि सोडली.

"इथं निदान जा म्हणायचा पगार घेणारी माणसं आहेत. त्यांचा राग येत नाही."

आईनं तोंड फिरवलं. काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि हात ठेवल्यावर दोघींनाही तो कुठं ठेवलाय ते कळलं. काका खाली दगडांत काहीतरी शोधत होते. मग नाना आणि काका एकदमच म्हणाले, चल, माझ्याकडे चल. आणि दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, की आता यावरूनही भांडण होणार.

आत्या म्हणाली, "किती दिवस?"

दोघंही हिशेबात पडले. नाना म्हणाले, अगं, आता दिवस कसले मोजायचे. पण हे म्हणायच्या आधी जो क्षण गेला, तो आत्यानं पाहिला होता. ती भावांना ओळखून होती. दुष्ट नव्हते ते. कुणीतरी दुसऱ्यानं चांगलं वागावं, अशी त्यांची मनापासून इच्छा असे.

फाटक बंद व्हायची वेळ होत आली. पहारेकरी गल्ल्यांतून शिट्टी वाजवत फिरू लागला. छकुलीचं सरकारी घर कुंपणाच्या बाहेर, पायऱ्यांच्या खाली होतं. दोन खोल्या. एकीत ती राहायची, दुसरीत खापरांची खोकी छतापर्यंत लागलेली होती. गेली अकरा वर्षं ती सांगत आली होती, की माझ्याकडे जागाच नाही, पाहुणा आला तर मलाच बाहेर झोपावं लागेल. ते खोटं नव्हतं. खोकी तिनंच तिथं आणली होती, कचेरीत कोठी रिकामी असताना.

"माझ्याकडे चल," ती म्हणाली.

चौघांचे खांदे एकदम खाली आले. आई लगेच म्हणाली, तुलाही सोबत होईल. काका म्हणाले, सामान मी उद्या पोचवतो. ते इतक्या पटकन बोलले, की छकुलीला आपण फसलो असं वाटून गेलं. पण आत्या अजून उठली नव्हती.

"तुलाही विचारते. किती दिवस?"

छकुलीनं उगाच गोड काही म्हणायचं मनात आणलं आणि सोडून दिलं. आत्यापुढं ते टिकलं नसतं.

"माझी नोकरी बदलीची आहे," ती म्हणाली. "इथून हलवतील कधीतरी. तेव्हा दोघींना हलवावं लागेल, एवढं मी लिहून देईन."

आत्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. वेणी घालताना भांग सरळ आला की नाही बघायची, तसं. मग हात पुढं केला, आणि छकुलीनं तिला ओट्यावरून उठवलं. उठताना आत्यानं भिंतीचा आधार घेतला आणि तिथला एक दगड निखळून खाली पडला. सगळे दचकले. छकुलीनं तो पायानं बाजूला सारला.

"खिडकी आहे का तुझ्या खोलीला?" पायऱ्या उतरताना आत्यानं विचारलं.

"मोठी आहे. पण त्यातून हेच दिसतं सगळं. अख्खं गाव."

खाली गेल्यावर आत्यानं दुसरी खोली पाहिली, खोकी पाहिली, आणि इथं माणसानं राहायचं की पाटी लावायची, एवढंच म्हणाली. छकुलीनं त्याच संध्याकाळी पहारेकऱ्याला हाताशी घेऊन निम्मी खोकी कचेरीच्या कोठीत हलवली. उरलेल्यांचं उद्या बघू म्हणाली, आणि उद्या खरंच बघितलं. नानांचा दोनदा फोन आला. एकदा ताई जेवली का विचारायला, आणि एकदा ती 'बहुधा'ची पाटी बदलता येईल का विचारायला. काकू आणि आई एकमेकींना फोन करू लागल्या होत्या, आणि त्याची दोन्ही घरांत काळजी होती.

तिसऱ्या दिवशी दोघी खालच्या शहरात कापडाच्या दुकानात गेल्या. शिवणार मीच, आत्या म्हणाली, नुसतं कापड घे. दुकानदारानं पडद्यांची ठाणं उलगडली. पातळ, फुलाफुलांची, जाळीची. आत्या प्रत्येक कापड डोळ्यांपुढं धरून उजेडाकडे बघायची आणि बाजूला टाकायची. छकुलीला त्यातलं निळं आवडलं होतं, पण तिनं सांगितलं नाही. शेवटी दुकानदारानं सगळ्यात जाड, गडद कापड काढलं. ते डोळ्यांपुढं धरल्यावर आत्याला समोरचं दुकानही दिसेना, तेव्हा तिचं समाधान झालं.

"ऊन फार येतं का घरात?" मोजता मोजता दुकानदारानं विचारलं.

"ऊन नाही हो," आत्या म्हणाली. "गाव येतं."